अंगणातली फियाट

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी अशी एखादी वस्तू असेल. ती चालत नाही, विकवत नाही आणि टाकवत तर त्याहून नाही. कुणाकडे शिवणयंत्र असतं, कुणाकडे जुना रेडिओ. आमच्याकडची वस्तू चांगली नऊशे किलोंच्या आसपास वजनाची होती आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली तेरा वर्षं ताडपत्री पांघरून उभी होती. माझ्या सासऱ्यांची फियाट!

तिचं खरं नाव प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या नमुन्यावर ही गाडी तयार होई. 1964 पासून ती निघत होती. पद्मिनी हे नाव पुढे दहा वर्षांनी आलं, पण लोकांनी तिला फियाट म्हणणं काही सोडलं नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी आठवतात ना? त्याच या. त्यातली शेवटची नोंदलेली टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांत किती लिहून आलं! आमची मात्र त्याआधीच गप्प झाली होती.

मामंजींची उदगीरच्या मोंढ्यात अडत होती. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून 1983 साली त्यांनी ही गाडी घेतली. 1993 च्या 30 सप्टेंबरला पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा सासूबाईंनी (आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो) गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि दिवसभर चूल विझू दिली नाही. डिकीत, मागच्या सीटवर, जागा मिळेल तिथं भाकरी-चटणीची गाठोडी भरून मामंजी निलंग्याच्या वाटेनं निघाले. वरून पाऊस. अशा तीन खेपा त्यांनी केल्या. मी तेव्हा माहेरी पहिलीत होते, हे सारं लग्नानंतर ऐकलेलं. दर दसऱ्याला गाडीला हळदकुंकू लावताना आमच्या घरात ही गोष्ट निघतेच.

माझीही एक गोष्ट या गाडीत अडकून होती. 2012 च्या उन्हाळ्यात मामंजींनी मला गाडी शिकवायला घेतली. “बी. ए. झालीस, मग ह्याला काय घाबरतीस?” म्हणाले. कॉलेजच्या मैदानावर तीन दिवस शिकले. चौथ्या दिवशी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. दोन वर्षं अंथरुणावर काढून ते गेले. गाडी लिंबाखाली राहिली आणि माझं शिकणंही तिथंच राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात ह्यांनी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं गाडीला एक फेरी मारून 22,000 रुपये सांगितले. ह्यांचंही काही चुकत नव्हतं. मुलांना खेळायला अंगण उरलं नव्हतं, उंदरांनी तर संसारच थाटला होता. आत्याबाई एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी पाहते तर ताडपत्रीचा कोपरा उचलून पदरानं काच पुसत होत्या. रात्री “पोट जड आहे” म्हणून जेवल्या नाहीत.

मी ह्यांना म्हटलं, “मृगापर्यंत थांबा. तोवर सुरू झाली नाही, तर भंगारवाल्याला मीच फोन करीन.”

“सुरू करणार कोण?”

“मी.”

हे हसले. मग म्हणाले, “आणि पैसे?”

त्या महिन्यात भिशीची माझी पाळी होती. 30,000 रुपये, वॉशिंग मशीनसाठी राखलेले. खरं सांगते, तोंडातून शब्द गेल्यावर मलाच धडकी भरली. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. मे महिन्यात तास नाहीत, म्हणून मानधनही नाही. वेळ तेवढा भरपूर! आणि गाडीतलं म्हणाल, तर बॉनेट कुठून उघडतं तेही मला ठाऊक नव्हतं.

मामंजींच्या गाडीचं काम एक चाचा बघायचे. आता त्यांचं वय पंचाहत्तरच्या पुढे, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. त्यांचा नातू माझ्या वर्गात आहे, म्हणून मला ते मॅडम म्हणतात. मी घरी गेले तर म्हणाले, “मैं कुर्सी पे बैठके बोलता, मॅडम. हात तुम्हारे.” दुसऱ्या दिवसापासून लिंबाखाली खुर्ची, तिच्यात चाचा आणि जुना गाऊन घालून गाडीच्या तोंडात मी! शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, “आज काय काढलं गं?” जणू मी लोणच्याची बरणीच काढतेय.

पहिलाच धडा असा, की किल्ली लावून बघायची नाही. मी तर तेच करायला निघाले होते. इतकी वर्षं बंद असलेल्या इंजिनात आतून सगळं कोरडं आणि गंजलेलं असतं. एकदम फिरवलं तर आत ओरखडे पडतात आणि मग खर्च हजारांत राहत नाही. म्हणून आधी चारही प्लग काढले. मुलांच्या औषधाच्या पिचकारीनं त्या भोकांतून दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडलं आणि तीन दिवस हात लावला नाही. चौथ्या दिवशी समोरच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हातानं फिरवायचं होतं. मी सगळा जोर लावला. ढिम्म! चाचा म्हणाले, “जोर नक्को. थोडा आगे, थोडा पीछे.” अर्धा तास तसंच थोडं पुढे, थोडं मागे करत बसले आणि एकदम पाना गरकन फिरला. मी जवळजवळ पडलेच. इंजिन मोकळं झालं होतं!

मला वाटलं, आता लगेच सुरू करायचं. तर चाचांनी चाकं काढायला लावली. “चलने की फिकर नक्को करो मॅडम, पैले रुकने की करो.” या गाडीला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. आतले रबर दगड झाले होते, ब्रेकचं तेल काळं पडलं होतं. रबर नवे आणले. धाकटे भावजी हैदराबादला असतात, त्यांनी तिकडच्या राणीगंजातल्या दुकानांतून शोधून आगगाडीनं येताना आणले.

मग पेट्रोल. टाकीतल्या जुन्या पेट्रोलला रोगणासारखा वास येत होता. ते सगळं काढलं, टाकी उतरवून धुवून घेतली. कार्बोरेटर खोलला, तर त्यातली केसाएवढी भोकं चिकट राळेनं बुजलेली. ती तारेनं कोरायची नाहीत, नाही तर मोठी होतात. पेट्रोलात भिजवून हवेनं फुंकायची. पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या बदलल्या. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. हवेच्या फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं निघालं. त्यात काय नव्हतं! धाकट्याचा मोजा, वर्तमानपत्राच्या चिंध्या आणि मी दोन वर्षं शोधत असलेल्या हिरव्या ओढणीचा अर्धा पदर.

एवढ्यात मे संपला. मृगाला चार दिवस राहिले आणि मी घोळ घातला. प्लगच्या चार वायरी मी एकदम काढल्या, स्वच्छ पुसल्या आणि देवाच्या भांड्यांसारख्या फडक्यावर ओळीनं मांडल्या. परत लावताना कुठली कुठे? त्या दिवशी चाचा आले नव्हते. मी आपल्या अकलेनं एक, दोन, तीन, चार अशा ओळीनं लावून टाकल्या. नवी बॅटरी आणलीच होती. ह्यांना बोलावलं, मुलांना बोलावलं, चोक ओढला, किल्ली फिरवली आणि फाट्‌कन आवाज होऊन कार्बोरेटरमधून जाळ निघाला! क्षणभरच निघाला, पण धाकटा किंचाळला, ह्यांनी बाजूला ठेवलेली वाळूची बादली उचलली आणि मी किल्ली काढून मटकन बसले.

हे रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, “पुष्कळ केलंस. आता राहू दे.” त्या रात्री वॉशिंग मशीन डोळ्यांपुढे फिरत होतं. घरातली माणसं मला कधी अडवत नाहीत, पण मी धरलेलं काम तडीला जाईल असंही कुणी समजत नाही. खरं म्हणजे मीही समजत नव्हते. शिवणाचा क्लास, बी. एड.चा फॉर्म, मामंजींची ती तीन दिवसांची शिकवणी, सगळं असंच कुठं कुठं अर्धवट राहिलेलं.

सकाळी चाचांच्या घरी गेले आणि जे झालं ते सांगितलं. लाज वाटत होती. ते हसले. “इंजिन की गिनती अलग रहती मॅडम. एक, तीन, चार, दो.” म्हणजे काय, तर चार सिलिंडरांत पेट्रोल ओळीनं पेटत नाही. पहिल्यानंतर तिसरं, मग चौथं, मग दुसरं. त्यामुळे धक्के सारखे वाटले जातात. माझ्या ओळीनं भलत्याच वेळी ठिणगी पडत होती. बस्स, एवढंच. तीन वायरींची अदलाबदल! त्याबरोबर आतले पॉइंट बारीक कागदानं घासले, कंडेन्सर नवा घातला आणि प्रत्येक वायरीला वेगळ्या रंगाची लोकर बांधली. ती लोकर अजून आहे.

मृगाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पुन्हा किल्ली फिरवली. या खेपेला कुणालाच बोलावलं नव्हतं. दोनदा नुसती घरघरली. तिसऱ्यांदा धरलं, थरथरलं आणि भला मोठा निळा धूर सोडून गाडी चालू राहिली. सिलिंडरमधलं तेल जळत होतं, थोड्या वेळानं धूर निवळला. आत्याबाई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या. “आवाज तोच आहे की गं,” म्हणाल्या आणि आत गेल्या, कारण तव्यावर भाकरी होती.

ह्यांनी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी चार नवे टायर घेऊन आले.

आता तुम्हाला वाटेल, झालं! पण गाडी सुरू झाली तरी लगेच रस्त्यावर नेता येत नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं. आमचं केव्हाच संपलं होतं आणि गाडी अजून मामंजींच्याच नावावर होती. वारसाच्या नावावर करायचा 31 नंबरचा फॉर्म, नूतनीकरणाचा 25 नंबरचा, परिवहन कार्यालयाची तपासणी, पर्यावरण कर, विमा, धुराचं प्रमाणपत्र. यात खर्च होतो आणि खेटेही पडतात. तेव्हा गाडीला हात लावण्याआधी कागद बघा. आम्ही उलटं केलं. त्या दोन महिन्यांत मीही शिकाऊ परवाना काढला, ड्रायव्हिंग स्कूलला गेले आणि पक्का परवाना मिळवला. चौथा दिवस तेरा वर्षांनी उजाडला म्हणायचा!

श्रावणात आम्ही हत्तीबेटला गेलो. गाडी मी चालवत होते. माझा पुतण्या पुण्याला असतो, त्याला वेगवान स्पोर्ट्स गाड्यांचं वेड. तो सांगतो, मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतींत याच फियाट सुधारून पळवायचे. आमची काही पळणारी नव्हे. चढावर ट्रॅक्टरसुद्धा पुढे गेला! निघताना आत्याबाई सवयीनं मागच्या दाराशी गेल्या. मी पुढचं दार उघडलं. “पुढं कामून? मी मागंच बसते,” म्हणाल्या. मग बसल्या. वाटभर दोन्ही हातांनी पर्स धरून समोर बघत होत्या. परत येताना एकदम म्हणाल्या, “किल्लारीला जाऊ एकदा. भाकरी लई केल्या, पण गाव काही मी पाह्यलं नाही. गाडीत जागाच नव्हती.”

इतक्या दसऱ्यांना ती गोष्ट ऐकली, पण त्या गोष्टीत आत्याबाई कुठं होत्या, हे मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं.

हिशेब सांगते, नाही तर तुम्ही पत्रं पाठवाल. टायर आणि कागदपत्रं सोडून 28,400 रुपये लागले. चाचांनी पैसे घेतले नाहीत, त्यांच्या नातवाची शिकवणी मी वर्षभर घेतेय. वॉशिंग मशीन पुढच्या भिशीत. हाताचं काळं तेल साबणानं जात नाही. चमचाभर खोबरेल तेलात साखर घालून चोळा, मग साबण लावा. पेट्रोलचं काम नेहमी उघड्यावर करा, चुलीपासून लांब, आणि वाळूची बादली जवळ ठेवा. वायरी एका वेळी एकच काढा आणि ती परत लावल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. अडलं तर सकाळीच उठून ज्याला येतं त्याच्याकडे जा. मी एक रात्र उगीच रडून काढली.

किल्लारीला अजून गेलो नाही. लांबचा पल्ला आहे, त्याआधी रेडिएटरची नळी बदलायची आहे. आत्याबाईंनी मात्र ज्वारी निवडून ठेवली आहे. तिकडे कुणी उपाशी नाही आता, मी म्हटलं. तर म्हणतात, “नसू दे. रिकाम्या हातानं जायचं का?”