एमसीबी कुणाला वाचवते?

"एमसीबी आहे ना ताई, मग घाबरायचं काय?" आमच्या भाड्याच्या घरात आलेल्या वायरमनचं हे वाक्य आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं.

सासूबाई अनवाणी, ओल्या फरशीवर उभ्या राहून वॉशिंग मशीनमधले कपडे काढत होत्या. असा झटका बसला की मागे भिंतीवर आदळल्या. कोपर सुजलं, जीव वाचला. जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारी कळ, म्हणजे एमसीबी, मात्र पडलीच नाही. वायरमनने मशीनच्या पत्र्याला टेस्टर लावला, तो लख्ख पेटला. "बॉडीला करंट उतरतोय," म्हणाला. उपाय काय, तर चप्पल घाला, खाली लाकडी पाट ठेवा. आणि वर ते वाक्य.

मी शाळेत विज्ञान शिकवते. ओहमचा नियम दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्या रात्री तोच नियम घेऊन बसले. घरातला दाब २३० व्होल्ट. ओल्या शरीराचा रोध साधारण १००० ओहम धरला, तर शरीरातून ०.२३ अँपिअर करंट जातो. हृदयाची लय बिघडून माणूस दगावायला एवढा पुष्कळ झाला. आणि आमची एमसीबी होती १६ अँपिअरची! ६० वॅटचा जुना बल्बही ०.२६ अँपिअर घेतो. म्हणजे माणूस मरत असला, तरी एमसीबीच्या लेखी एक बल्ब लागलेला असतो. ती असते वायर तापून आग लागू नये म्हणून. माणसाला वाचवणं हे तिचं कामच नाही.

दुसऱ्या वायरमनला बोलावलं. त्याने थ्री पिनचा बोर्ड उघडला. लाल आणि काळी वायर व्यवस्थित कसलेली. वरच्या मोठ्या भोकामागचा स्क्रू मात्र कोरा. अर्थिंगची हिरवी वायर पाइपच्या तोंडाशीच कापून, दुमडून आत कोंबलेली. प्लगची ती पिन जाड आणि लांब असते, कारण आत शिरताना अर्थिंग आधी जुळावं आणि बाहेर येताना शेवटी तुटावं. इतका विचार करून बनवलेली पिन आमच्या घरात कशालाच जोडलेली नव्हती. अर्थिंग धड असतं, तर बिघाड होताच त्या वाटेने भरपूर करंट वाहिला असता आणि हीच एमसीबी पडली असती. कुणी वाचवली ही वीतभर वायर? नव्या कनेक्शनसाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यावर सही करणाऱ्याने एक तरी बोर्ड उघडून पाहिला होता का?

पहिल्या वायरमनवर मी फार चिडले होते. आता वाटतं, त्याला हे शिकवलं कुणी? कुणाच्या तरी हाताखाली पक्कड धरून तो शिकला. पण नाही, राग गेलेला नाही. पेटलेला टेस्टर स्वतःच्या डोळ्यांनी पाहून पाट ठेवायला सांगणं मला माफ करता येत नाही.

मग माणसाला वाचवतं कोण? वर्गात मुलांना वाटतं, बल्बमधून जाताना करंट खर्च होतो. तो होत नाही. जेवढा फेजने जातो, तेवढाच न्यूट्रलने परत येतो. खर्च होते ती ऊर्जा. आरसीसीबी नावाची वेगळी सुरक्षा-कळ नेमकं हेच जमाखर्चाचं गणित सतत तपासत असते. जाणाऱ्या-येणाऱ्या करंटमध्ये ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तो कुठेतरी दुसरीकडे, कदाचित माणसातून जमिनीत, चाललाय. लगेच ती पुरवठा तोडते. घरमालक खर्चाला तयार होईना, तेव्हा आम्हीच ती बसवली, अर्थिंगही ओढून घेतलं.

आज घरी मीटरजवळची पेटी उघडून पाहा. आरसीसीबीवरचं 'टी' लिहिलेलं बटण दिसलं तर दाबा. वीज जायलाच हवी, आणि ही तपासणी दर महिन्याला करा. बटण दाबूनही वीज गेली नाही, किंवा असं बटणच नसेल, तर जाणकार वायरमनला बोलवा, आणि अर्थिंग मोजून दाखवल्याशिवाय त्याला सोडू नका.