बोंडअळीने शिकवलेला धडा



चाळीसगाव तालुक्यात कृषी विस्ताराचे काम करताना एक वाक्य मी शेकडो वेळा बोललो असेन : "दुकानदार देईल ते औषध फवारू नका." घरच्या दुखण्यात मात्र तेच वाक्य मी विसरलो, याची आज कबुली देतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींना लघवीला जळजळ सुरू झाली. कपाशी वेचणीचे दिवस होते. मी दुकानातून गोळ्या आणल्या. दोन दिवसांत आराम पडला. उरलेल्या गोळ्या कोनाड्यात ठेवल्या. महिन्याने पुन्हा त्रास, पुन्हा त्याच गोळ्या. तिसऱ्या खेपेला थंडी वाजून ताप आला, कमरेत कळा येऊ लागल्या. डॉक्टरांनी लघवीची कल्चर तपासणी करायला लावली. कागद हाती आला, तर बहुतेक औषधांपुढे ‘आर’, म्हणजे ते औषध त्या जंतूला बाधत नाही. ‘एस’ मोजक्याच औषधांपुढे, तीही इंजेक्शनाची.

मला २०१७ साल आठवले. बीटी कपाशी २००२ साली आली, दोन जनुकांची २००६ साली. झाडातच विष, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण २०१७ साली बोंड फोडावे तर आत गुलाबी अळी! विष पचवणाऱ्या थोड्या अळ्या वाचल्या होत्या, त्यांचीच पैदास वाढली.

जंतूंचेही तसेच. लघवीच्या जंतुसंसर्गाला बहुतेक वेळा कारण होणारा ई. कोलाय हा जंतू मुळात आतड्यात राहतो. साध्या सर्दीपडशाला विनाकारण घेतलेल्या प्रतिजैविकानेही त्यातले नरम जंतू मरतात, चिवट उरतात. शिवाय ही चिवटपणाची शक्ती एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. अळीला ते जमत नाही.

सौभाग्यवती बऱ्या झाल्या. पण आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले आणि वेचणीचा पैसा त्यातच गेला.

म्हणून भगिनींनो, शेतात लघवी दाबून ठेवू नका, पाणी भरपूर प्या, जळजळ होताच घरात सांगायला लाजू नका. बंधूंनो, पाकिटावर उभी लाल रेघ असलेली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणू नका. ते सांगतील तितके दिवस ती द्या. उरलीसुरली गोळी शेजाऱ्यांना देऊ नका. कपाशीचे नवे वाण बाजारात येत राहते. नवे प्रतिजैविक इतक्या सहज येत नाही.

आज घरातला कोनाडा एकदा बघाच.