दातांच्या नावावर

चौथा महिना सरत आला की बाळाची हनुवटी कोरडी म्हणून राहत नाही. लाळेरं बांधावं, तर तासाभरात ते चिंब. मूठ तोंडात, दुपट्याचं टोक तोंडात. कडेवर घ्यावं, तर आपला खांदाही तोंडात. मग दारातूनच शेजारच्या काकू सांगतात, "दात येतायत गं बाई!"

येत असतीलही. पण दोन-तीन महिन्यांपासून लाळग्रंथी जोमाने कामाला लागतात आणि एवढी लाळ गिळायचं बाळाला अजून जमत नाही. मुठी चोखणंही त्या वयाचंच. हाताला लागेल ते बाळ आधी तोंडाने ओळखतं. बहुतेकांचा पहिला दात सहाव्या महिन्याच्या आसपास, उष्टावणाच्या सुमाराला येतो. काहींचा चौथ्यातच, काहींचा वाढदिवस होईपर्यंत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे महिने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावेत. वरचा दात आधी आला तर मामाला जड, असं म्हणतात. तसं काही नसतं, आणि त्या धास्तीपायी पहिल्या दाताचं कौतुक राहून जाऊ नये.

ओळखायचं ते बोटाने. नखं कापलेली, हात स्वच्छ धुतलेले. बाळ मांडीवर घ्यावं आणि खालच्या हिरडीवरून मधोमध हलकेच बोट फिरवावं. एरवी मऊ, गुळगुळीत लागणाऱ्या हिरडीत तिथे टणक कड जाणवते. उजेडात पाहिलं तर हिरडी थोडी फुगलेली, वर पांढुरकी रेघ. कधी निळसर फुगवटाही दिसतो. तो बहुधा दात वर आला की आपोआप जातो. आणि बाळ? ते बोट असं काही दाबून धरतं की सोडवत नाही. हिरड्या शिवशिवत असतात, दाबलं की बरं वाटतं. गार पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ फडकं चघळायला दिलं की पुष्कळ झालं. खारकेचा तुकडा नको, घशात अडकतो. हिरडी बधिर करणारं बेंझोकेनचं मलमही नको. त्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटू शकते.

माझा जीव तुटतो तो पुढच्या वाक्यापाशी: "दात येतायत, ताप यायचाच, जुलाब व्हायचेच." २००० साली अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी १२५ बाळांच्या रोजच्या नोंदी छापल्या. दात फुटायच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचे तीन, एवढ्याच काळात चिरचिर, चावणं, लाळ वाढलेली दिसली. जोराचा ताप किंवा जुलाब दातांशी जुळले नाहीत. मग ते याच वयात का येतात? आईकडून मिळालेलं संरक्षण सहाव्या महिन्याच्या सुमाराला ओसरतं आणि नेमकं तेव्हाच बाळ जमिनीवरचं सगळं तोंडात घालू लागतं. आजार जंतूंचा, नाव दाताचं. इंग्लंडमध्ये तर पाऱ्याचं कॅलोमेल घातलेली 'दातांची पावडर' १९५०च्या दशकापर्यंत विकली जात होती. तिने मुलांचे हातपाय लाल होऊन सुजत, काही दगावलीही.

म्हणून अंग तापलेलं वाटलं तर आधी थर्मामीटर लावा. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला, तर तो दाताचा ताप समजू नका. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर तेवढ्या तापालाही रात्रीच डॉक्टरांकडे न्या. मोठं असलं तरी दूध ओढत नसेल, लंगोट बराच वेळ कोरडा राहत असेल, मलूल पडून असेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.