पाणी उपसून भागणार नाही

नाशिक, रविवार

तीर्थस्वरूप मामांस,


छातीतलं पाणी काढल्यावर मामीच्या एक्स-रे फोटोत हवा दिसली, म्हणजे डॉक्टरांनी फुप्फुसाला सुई लावली, असं तुम्ही धरून बसला आहात. दोन्ही फोटो आणि सीटी स्कॅन मी नीट पाहिले. मला तसं वाटत नाही.

टीबीमुळे मामीच्या फुप्फुसावरचा पातळ पडदा जाड आणि ताठ झाला आहे. त्यामुळे पाणी निघालं तरी फुप्फुस फुलून ती जागा भरत नाही. आतली ओढ वाढत जाते, छातीत कळ येते आणि कधी फुप्फुसातूनच थोडी हवा त्या पोकळीत शिरते. ताप नसेल, दम वाढत नसेल, तर त्या हवेसाठी नळी घालून काही साधत नाही. पुढे तिथे पुन्हा पाणीच साचतं. एवढं पाणी काढूनही मामीचा दम हलला नाही, उलट कळ उठली, ही खूण मला फोटोइतकीच मोलाची वाटते. म्हणून 'एकदा पूर्ण उपसून टाका' हा आग्रह सोडा.

मामी लग्नापासून सूप मांडीवर घेऊन विड्या वळत आली, तेव्हा गल्लीत तंबाखूच्या धुळीची चर्चा होणारच. पण तपासणीत टीबी निघाला आहे. सहा महिन्यांची औषधं एक दिवसही चुकवू नका; पडदा पुष्कळदा त्यांनीच हळूहळू पातळ होतो. पोषणासाठीचे महिना 1000 रुपये मामीच्या खात्यावर येतात का, तेही बघा. श्वासाचे व्यायाम आणि रोजचं चालणं हवंच.

कोर्स संपूनही दम राहिला, तर फळाची साल काढावी तसं ते जाड आवरण सोलून काढायचं ऑपरेशन असतं. ते मोठं आहे; आतलं फुप्फुस चांगलं असेल आणि मामीची तब्येत झेपणारी असेल तरच करायचं. दम फारसा नसेल, तर पाणी तसंच राहू देणंही उपचारच आहे.

तुमच्या मित्राला घरी नळी दिली, ती मामीला का नाही, असं विचारलंत. त्यांचं पाणी कर्करोगाचं. फुप्फुस फुलत नसल्याने पावडर टाकून दोन पडदे चिकटवता येत नव्हते, आणि पाणी काढलं की त्यांना आराम पडत होता, म्हणून नळी.

डॉक्टरांशी भांडू नका. ताप आला, दम एकदम वाढला किंवा पू निघाला तर मात्र थांबू नका, रात्र असली तरी मामीला नाशिकला आणा. जुने फोटो सगळे बरोबर घ्या.

आपली भाची,
सुनंदा