एकच विहीर, दोन देश

जिनिव्हा शहराच्या कडेला व्हेसी येथे आम्ही आर्व नदी पाहिली. पाणी राखेच्या रंगाचे. माँ ब्लाँच्या हिमनद्यांचा गाळ घेऊन ही नदी फ्रान्समधून स्वित्झर्लंडमध्ये उतरते. पण खरी गोष्ट जमिनीखाली आहे.

दोन्ही देशांच्या विहिरी एकाच भूजलावर चालतात. १९६० नंतर उपसा इतका वाढला की पाणी सात मीटरहून खाली गेले, म्हणजे दुमजली घराच्या उंचीइतके. भांडत बसले असते तर दोघेही तहानले असते.

१९७८ साली करार झाला. दोन्ही बाजूंचे तीन-तीन सभासद घेऊन समिती नेमली. प्रत्येक उपशाची मोजणी ठरली. फ्रान्सच्या गावांना वर्षाला पन्नास लाख घनमीटरची मर्यादा घातली. त्यांतले वीस लाख विनामूल्य.

व्हेसीचे केंद्र १९८० पासून नदीचे पाणी गाळून जमिनीत मुरवते. नदी फार गढूळ झाली की काम थांबवतात. पातळी पुन्हा सावरली. २००८ पासून नवा करार लागू झाला. त्यावर फ्रान्सच्या बाजूने स्थानिक गावांच्या संस्थांनीच सह्या केल्या.

वाचकहो, पाणी सीमा ओळखत नाही. त्याचा हिशेब मात्र दोघांनी मिळून, उघडपणे ठेवला, तरच ते दोघांना पुरते.