मारल्यावाचून जिंकणं

पडद्यावरचा खरा लढवय्या एकच, ब्रूस ली. बाकीचे नुसते नाचतात, असं मी कितीतरी वर्षं ठासून सांगत आलो. एक ठोसा, की समोरचा आडवा. त्यापुढे हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सचे सत्तरच्या दशकातले सिनेमे मला रटाळ वाटायचे. दोघं जण एकमेकांचे हात अडवत राहतात आणि हे सगळं बसवलेलं आहे, हे लपतही नाही. मग दिग्दर्शक लाऊ कार-ल्युंगचे सिनेमे ओळीने पाहिले आणि माझी मोजपट्टीच बदलली.

लाऊ सिनेमासाठी कुंग-फू शिकलेला माणूस नव्हता. गाण्यातलं घराणं सांगावं तशी त्याची परंपरा सांगता येते. दक्षिण चीनमधले वैद्य आणि कुंग-फू गुरू वाँग फेई-हुंग, त्यांचे शिष्य लाम साय-विंग, त्यांचे शिष्य लाऊ चाम आणि त्यांचा मुलगा हा. शैली हुंग गार: जमिनीत रुतलेला रुंद पवित्रा, हातांत वाघाचा पंजा आणि करकोच्याची चोच. 1949 पासून क्वान टाक-हिंग यांनी वाँग फेई-हुंग साकारलेली जी लांबलचक चित्रपटमालिका निघाली, तिच्यात बाप-लेक दोघंही कामं करत. पुढे दिग्दर्शक चँग चेहसाठी लाऊने तोंग गायबरोबर मारामाऱ्या बसवल्या. चँग चेहचे नायक पोटात शस्त्र घेऊन लढत आणि रक्ताच्या थारोळ्यात मरत. 1975 साली लाऊ स्वतः दिग्दर्शक झाला आणि हे मरण त्याच्या सिनेमात हळूहळू मागे पडत गेलं.

1978 च्या ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’मध्ये सूडाची गोष्ट आहे खरी, पण सिनेमाचा गाभा आहे तालीम. गॉर्डन लिऊने केलेला सान ते दोन्ही हात बाजूला ताणून पाण्याच्या बादल्या वाहतो. दंडांना सुरे बांधलेत, टोकं बरगड्यांकडे. हात खाली आला की सुरा टोचणार. जेवणघरात जायचं तर मध्ये पाणी, पाण्यात तरंगणारी लाकडं, आणि तोल गेला की उपास. एवढं शिकूनही तो दोन आखूड तलवारी चालवणाऱ्या गुरूकडून पुन्हा पुन्हा हरतो आणि त्या हरण्यातूनच तीन तुकड्यांचा सोटा घडवतो. शेवटी त्याला काय हवं असतं? सामान्य माणसांना शिकवण्यासाठी छत्तिसावी खोली. एवढा मोठा मारामारीचा सिनेमा शिकवण्याच्या मागणीवर उभा आहे, हे मला आधी दिसलंच नव्हतं.

त्याच वर्षीचा ‘हीरोज ऑफ द ईस्ट’ मला त्याहून मोठा वाटतो. चिनी नवरा, जपानी बायको, दोघांनाही आपापल्या विद्येचा अभिमान. तो तिला एक पत्र लिहितो, त्याचा भलताच अर्थ निघतो आणि जपानहून सात निष्णात लढायला येतात. तलवारीला तलवार, भाल्याला भाला, कराटेला दारुड्याच्या चालीची शैली. कुणीही मरत नाही. ब्रूस लीच्या 1972 च्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’तले जपानी निव्वळ खलनायक होते, लाऊचे जपानी हरल्यावरही ताठ मानेने उभे राहतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणी हाँगकाँगमध्ये अजून ताज्या असताना हा सिनेमा काढायला छाती लागते.

सगळेच सिनेमे असे शांत नाहीत. 1983 मध्ये चित्रीकरण चालू असताना नट अलेक्झांडर फू शेंग मोटार अपघातात गेला आणि ‘द एट डायग्राम पोल फायटर’ची गोष्ट बदलावी लागली. त्याचं पात्र अर्ध्यातच नाहीसं होतं. त्या सिनेमातले भिक्खू लाकडी लांडग्यांचे दात काठीने पाडण्याचा सराव करतात, मारण्याचा नाही. पण शेवटच्या झुंजीत माणसांचेच दात निखळतात. पाहताना अंगावर काटा येतो. लाऊला हिंसा कळत नव्हती म्हणून त्याने ती टाळली, असं म्हणण्याची सोय हा सिनेमा ठेवत नाही.

आणि ‘बसवलेलं’ म्हणून मी ज्याला नावं ठेवायचो, त्याबद्दल. कॅमेरा मागे, दोघंही नखशिखांत चौकटीत, आणि बराच वेळ कट नाही. अशा वेळी ज्याला येत नाही, तो उघडा पडतो. 1994 च्या ‘ड्रंकन मास्टर टू’मध्ये साठीला टेकलेला लाऊ रेल्वेच्या डब्याखाली, जेमतेम बसता येईल एवढ्या जागेत, जॅकी चॅनशी झुंजतो. बघा त्याचे हात.

पण एकच प्रसंग दाखवायचा झाला तर मी 1981 च्या ‘मार्शल क्लब’ची अखेर दाखवीन. गॉर्डन लिऊचा तरुण वाँग फेई-हुंग आणि वाँग लुंग-वेईचा उत्तरेकडचा गुरू एका बोळात लढतात. बोळ पुढे पुढे अरुंद होत जातो. आधी लांब लाथा, मग कोपर, मग भिंतीला पाय लावून वर सरकणं. प्रत्येक पावलागणिक जागा घटते आणि दोघंही त्या जागेला साजेसा डाव काढतात. समोरच्याला काय काय येतं, हे पाहण्याचा आनंद दोघांच्याही तोंडावर आहे.