बंद रुळांवर काय धावावं?

शकुंतला एक्सप्रेस बंद पडल्यापासून आमच्या अचलपूर भागात एक वाद ठरलेला. काही म्हणतात, गाडी परत आणा, ब्रॉडगेज करा. काही म्हणतात, आता रेल्वे कशाला? त्याच पट्ट्यावर रस्ता करा आणि बस सोडा. दोन्हीकडची माणसं आपलीच आहेत, म्हणून कुणाला वेड्यात काढण्यात अर्थ नाही. पण हाच वाद इंग्लंडमध्ये होऊन गेलाय, आणि तोही मँचेस्टरजवळ. शकुंतलेचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरलाच बनलं होतं आणि 1994 पर्यंत ते आमच्याकडे धावलं. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे न्यायचा, म्हणून ही लाइन टाकलेली. तिकडे मँचेस्टरच्या आसपासची गावं कापसाच्या गिरण्यांवर जगत होती. ली हे त्यांपैकीच एक.

लीची रेल्वे 1969 साली बंद झाली. मोठं गाव, पण स्टेशन नाही. मँचेस्टरला जायचं तर गर्दीच्या रस्त्यानेच. पुढे त्या जुन्या लाइनच्या जागेवर 2016 साली ‘गाइडेड बसवे’ सुरू झाला. तिथे अनेकांना रेल्वेच परत हवी होती, पण मिळाली बस.

गाइडेड बसवे म्हणजे काय, ते सोपं करून सांगते. काँक्रीटच्या दोन पट्ट्या, त्यांना बाहेरच्या बाजूने उभ्या कडा. बसच्या पुढच्या चाकांजवळ दोन छोटी आडवी चाकं बसवलेली असतात. ती कडांना टेकून चालतात आणि बस आपोआप सरळ जाते. ड्रायव्हरने फक्त वेग आणि ब्रेक सांभाळायचा. बस इकडे तिकडे सरकत नाही, म्हणून रेल्वेच्या अरुंद पट्ट्यात दोन्ही दिशांच्या बस मावतात. दुसरी वाहनं आत शिरू शकत नाहीत. आपल्याकडे बसच्या राखीव मार्गिकेत रिक्षा, मोटारसायकल, कधी लग्नाची वरातसुद्धा घुसते. इथे तो प्रश्नच नाही.

खरी गंमत पुढे आहे. ही बस पट्टा संपला की साध्या रस्त्यावर उतरते. लीहून निघालेली बस मँचेस्टरमध्ये विद्यापीठांच्या दारावरून थेट मोठ्या हॉस्पिटलपर्यंत जाते. रेल्वेने स्टेशनवर सोडलं असतं, पुढे दुसरं वाहन शोधावं लागलं असतं. शिवाय इंग्लंडमध्ये वृद्धांना बसचा पास मोफत मिळतो. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या बाईला बस न बदलता, पैसे न देता हॉस्पिटलच्या दारात पोचता आलं, तर ती ‘रेल्वेच हवी’ म्हणून हट्ट का धरेल?

पण साध्या रस्त्यावर उतरलेली बस शहराच्या ट्रॅफिकमध्ये अडकते, हेही खरं. केंब्रिज ते सेंट आयव्हज या जुन्या लाइनवर 2011 साली असाच बसवे झाला. उद्घाटन दोन वर्षांहून जास्त लांबलं, खर्च अंदाजाबाहेर गेला, ठेकेदाराशी भांडण झालं. त्या मार्गावर पुढे तीन माणसं बसखाली दगावली आणि 2025 मध्ये कौंटी कौन्सिलला 60 लाख पौंडांचा दंड झाला. बस काँक्रीटवर धावते म्हणून ती आपोआप स्वस्त किंवा सुरक्षित होत नाही. वर एकदा काँक्रीट ओतलं की तिथे रेल्वे परत येणं जवळजवळ विसरायचं.

आता दुसरी बाजू बघा. डेव्हनमधल्या ओकहॅम्प्टनची रोजची प्रवासी गाडी 1972 साली गेली, पण खाणीच्या मालगाडीसाठी रूळ राहिले. म्हणून 2021 साली तीच लाइन ठरल्याहून कमी खर्चात आणि वेळेआधी सुरू झाली. ओकहॅम्प्टनच्या माणसाला ट्रॅफिकचा त्रास नव्हता. त्याला देशाशी जोडून घ्यायचं होतं. एक्सेटरला उतरायचं, आणि तिथून लंडनची गाडी धरायची.

मला यातून एवढंच कळतं की हे दोन वेगवेगळ्या आजारांवरचे इलाज आहेत. रस्ता तुंबला असेल आणि टोकाला मोठं शहर असेल, तर गाइडेड बस. गाव तुटलं असेल, तर रेल्वे.

मग आमचा आजार कुठला? अचलपूर, पथ्रोट, अंजनगाव, दर्यापूर या वाटेवर बस अडकून पडावी असं ट्रॅफिक कुठे आहे? रस्ता आहे, एसटी आहे. नाही ती पुढची गाडी. मूर्तिजापूरला शकुंतला मुंबई-नागपूरच्या मेन लाइनला भेटायची. 76 किलोमीटरला तिला चारेक तास लागत, तरी अम्मी म्हणायची, ‘बेटा, इसमें बैठ गए तो समझो बंबई पहुंच गए.’ तिच्यासाठी ती मुंबईच्या गाडीचाच पहिला डबा होती. मोठी गाठोडी, पाण्याची सुरई, मांडीवर झोपलेलं पोर, हे सगळं तिच्यात मावायचं. आज माझ्या शाळेतून बारावी होणाऱ्या मुली पुढे शिकायला बाहेर जायचं म्हटलं की घरी पहिला सवाल येतो: जाणार कशी, आणि रात्री परतणार कशी? ठरलेल्या वेळेची, जोडून मिळणारी गाडी असेल, तर त्या सवालाचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

म्हणून माझं मत रेल्वेच्या बाजूने आहे. ते जुन्या इंजिनाच्या आठवणीने झालेलं नाही. आठवणीवर लाइन चालत नाही. पण रस्तावाल्यांशीही माझं एका गोष्टीवर जमेल. ली असो, केंब्रिज असो की ओकहॅम्प्टन, अनेक वर्षांनी काहीतरी करता आलं, कारण जुन्या लाइनचा पट्टा शिल्लक होता. आमच्याकडे रुळांवर बाभळी वाढल्यात. उद्या तिथे दुकानं आणि प्लॉट उभे राहिले, तर बस की रेल्वे हा वादच संपेल, कारण दोन्ही जाणार नाहीत. गाडी कुठली, ते भांडून ठरवू. आधी जागा राखू.